एकेचाळीस नंबरचा ट्रम्पेट

ब्रेकमावशी हे नाव तिला तिच्या शिकाऊ ड्रायव्हरांनी दिलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि तो कधी दाबायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. समोरून बस येतेय, शिकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालंय, आणि ही शेजारी बसून सांगतेय, "बघतेय मी. तू तुझं चालव." पाय तयार, पण ब्रेक दाबलेला नाही. पंचवीसेक वर्षांत तिने अर्ध्या शहराला गाडी शिकवली असेल. तरी नाव पडलं ते ब्रेकचंच. लोक कशावरून नाव ठेवतील याचा काही नेम नाही.

दिवसभर गाडीत बसणाऱ्या या बाईला संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये पाहिलं तर ओळख पटायची नाही. तिथे शहराच्या हौशी बँडची तालीम चालायची. पोस्टमन, नर्स, इलेक्ट्रिशियन, कोर्टातला एक कारकून, सगळे आपापली कामं संपवून यायचे, बास्केटबॉलच्या जाळीखाली खुर्च्या मांडायचे आणि वाजवायला बसायचे. ट्रम्पेटवाल्यांच्या तीन खुर्च्या. पहिलीवर, म्हणजे मुख्य वादकाच्या जागी, मावशी. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, चष्मा डोक्यावर सरकवलेला. आपण चांगलं वाजवतो हे तिला माहीत होतं आणि ते लपवायची गरज तिला कधी वाटली नव्हती.

ट्रम्पेट घरात आणला होता तो दादाने, तिच्या मोठ्या भावाने. वडिलांना आवाज सोसायचा नाही म्हणून तो बाथरूममध्ये दार लावून वाजवायचा आणि ही बाहेर दाराला पाठ लावून बसायची. तो कामाला गेला की हळूच केस उघडायची. एक दिवस दादा लवकर घरी आला आणि चोरी पकडली गेली. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून ती डोळे मिटून उभी राहिली. दादा म्हणाला, "गाल फुगवू नकोस. बेडूक दिसतेस." एवढीच तिची संगीताची शाळा. बाकी सगळं ती ऐकून ऐकून शिकली.

पुढे दोघंही बँडमध्ये आली. दादा पहिल्या खुर्चीवर, ती दुसऱ्या. दादा कुलपांचा कारागीर. स्वतःचं छोटं दुकान, मागे कानशी आणि किल्ल्यांनी भरलेली खोली. एकदा एका गोदामाचं शटर बसवताना त्याचा लोखंडी दांडा सुटला आणि सरळ त्याच्या तोंडावर आला. वरचे दोन दात गेले. डॉक्टरने खोटे बसवले. दिसायला झकास, पण माउथपीस ओठांवर जरा दाबून धरला की ते हलायचे. दादाचे वरचे सूर गेले ते गेलेच. काही महिने बँडमास्तर गप्प राहिले, मग एका तालमीला त्यांनी दोन खुर्च्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. पहिल्या खुर्चीवर बहीण, दुसऱ्या खुर्चीवर भाऊ. दादा ती तालीम शेवटपर्यंत वाजवत बसला. मग ट्रम्पेट पुसून केसमध्ये ठेवला आणि केस बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"घे. तुझ्या ट्रम्पेटपेक्षा चांगला आहे हा. पहिल्या खुर्चीला लागेल."

त्यानंतर तो बँडकडे फिरकला नाही. बहीणभावाचं येणंजाणं होतं, चहापाणी होतं, एकमेकांची टर उडवणं होतं. फक्त तो विषय तेवढा दोघंही टाळायची. आणि मावशी दादाच्याच ट्रम्पेटवर वर्षानुवर्षं पहिल्या खुर्चीवर वाजवत राहिली.

मग एकदा ती वाद्यांच्या दुकानात व्हॉल्व्हचं तेल आणायला गेली. काचेच्या कपाटात एकच ट्रम्पेट होता. पॉलिश नसलेलं उघडं पितळ, मधासारखा रंग. दुकानदाराने सांगितलं की ट्रम्पेट बनवणारा एक म्हातारा कारागीर काम सोडतोय, जाता जाता त्याने मोजके पंचाहत्तर नग केलेत, प्रत्येकावर नंबर ठोकलाय, पुन्हा होणार नाहीत. तोंडाचा फुललेला भाग एकाच पत्र्यातून हाताने ठोकून घडवलेला. या दुकानाला एकच मिळाला, एकेचाळीस नंबरचा.

"बघू," मावशी म्हणाली.

"बघा की. पण फुंकायला देत नाही मी तो."

"मग विकताय कशाला? आरसा म्हणून?"

दुकानदार तिला ओळखत होता. त्याला गाडी तिनेच शिकवली होती, आणि रिव्हर्स घेताना त्याने किती खांब पाडले याची ती एकमेव साक्षीदार होती. त्याने मुकाट्याने किल्ली काढली.

तिने एकच सूर लावला, मधला, साधा. तो दुकानभर पसरला आणि टांगलेल्या गिटारींच्या तारा झिणझिणल्या. मावशीने ट्रम्पेट खाली घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा बाजूला काढून ठेवा. कुणाला दाखवूही नका."

तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीतच त्याचं मशीन, कपड्यांचे गठ्ठे आणि इस्त्री. तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा तो एका कोटाची बाही उसवत होता. तिने आधी तयारी केली होती, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. काही उपयोग झाला नाही, कारण तो दोरा दाताने तोडत म्हणाला, "मला मशीनची मोटर घ्यायची होती तेव्हा तू विचारलंस का, कशाला हवी म्हणून? नाही ना? मग घेऊन ये. मात्र वरचे सूर जरा बेतानं लाव. तू वर चढलीस की माझी सुई नाचते."

असा एकेचाळीस नंबर घरी आला. केसमध्ये पांढरे कापडी हातमोजेही होते. दुकानदार म्हणाला होता, "बरेच लोक हे मोजे घालून हाताळतात. उघडं पितळ आहे, हात लागला की काळवंडतं. काहीजण तर घेऊन नुसतं कपाटात ठेवतात."

"गाडी घेऊन कुणी कपाटात ठेवतं का?"

"गॅरेजमध्ये ठेवतात की, मावशी."

मोजे तिने नवऱ्याला दिले. गरम इस्त्री उचलायला ते बरे पडले.

पहिल्या तालमीला सगळ्यांनी कौतुक केलं. पोस्टमन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. त्याने नंबर वाचला, शिट्टी मारली. बँडमास्तरही खुर्ची सोडून बघायला आले. मग वाजवायला सुरुवात झाली आणि कौतुक हळूहळू विरलं.

जुना ट्रम्पेट कसा होता, जोर लावला की ऐकायचा. वरचा सूर हवा असेल तर माउथपीस ओठात रुतवायचा, पोटातून दाब द्यायचा, आणि सूर यायचा. हा नवा जड होता आणि हट्टी होता. जोर लावला की याचा आवाज घुसमटायचा. दुकानातला तो साधा मधला सूर तेवढा सुरेख यायचा. वर चढायला लागलं की डब्यात बोलल्यासारखं. मावशीने आणखी जोर लावला. आवाज आणखी दबला. ओठांवर माउथपीसचं लाल कडं उमटलं.

शहरातल्या जुन्या मार्केटची दुरुस्ती संपत आली होती. लोखंडी खांब, वर काचेचं छत, चारी बाजूंनी गॅलरी. ते उघडायच्या दिवशी बँड वाजवणार होता आणि सुरुवात एकट्या ट्रम्पेटने, वर गॅलरीतून, असं बँडमास्तरांनी ठरवलं होतं. तालमीनंतर खुर्च्या रचताना त्यांनी तिला बाजूला घेतलं. मऊ स्वभावाचा माणूस. वाईट बातमी सांगायची असली की चष्मा पुसायचा.

"मार्केटच्या दिवशी जुनाच आणाल का?"

"नाही."

"अहो, वाद्य उत्तमच आहे. पण सगळीच वाद्यं सगळ्यांना..." चष्मा पुन्हा पुसला गेला. "किंवा मग सुरुवात पोस्टमनकडे देऊ. तुम्हाला ताण नको."

"मास्तर, नव्या गाडीचा क्लच पायाला बसायला वेळ लागतो. लोक आठवडाभर गचके खातात आणि गाडीलाच शिव्या देतात. मी त्यातली नाही. सुरुवात मीच वाजवणार, आणि याच्यावरच."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मान डोलावली. तिला मात्र घरी जाताना जाणवलं की क्लचचं बोलणं सोपं होतं, पण गचके का बसतायत हेच तिला अजून कळलेलं नव्हतं.

त्यातच केसची कडी अडकायला लागली. पितळी, नाजूक कडी, एकदा लागली की निघेना. मावशीने शिकवणीच्या मधल्या वेळात गाडी दादाच्या दुकानासमोर थांबवली. स्टिअरिंगवर एक बँकेत काम करणारी बाई होती, दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावायची तिला धास्ती होती. "तू इथे पार्किंग करून बघ," मावशी तिला म्हणाली. "मी आलेच. घाई नाही."

दादाने केस हातात घेतली, कडी उलटसुलट पाहिली. "दोन मिनिटांचं काम आहे. स्प्रिंग वाकलीय." आत काय आहे हे त्याने विचारलं नाही. नवा ट्रम्पेट आल्याचं त्याला माहीत होतं, सगळ्या शहराला माहीत होतं. तरी बघायला तो घरी आला नव्हता.

मावशी बाहेर आली. गाडीचा एक टायर फुटपाथवर होता. तो खाली उतरवून, बाईला पुन्हा आरसे बघायला लावून, ती परत दुकानाकडे वळली आणि दारातच थांबली.

मागच्या खोलीतून एक सूर येत होता. खालचा, लांब, अगदी हळू. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. कुठेही धक्का नव्हता. आवाज लहान होता, पण त्या लहान आवाजाने सबंध खोली भरली होती आणि भिंतीवर टांगलेल्या किल्ल्या बारीक किणकिणत होत्या. हे वाद्य जे करायला जन्मलं होतं, तेच दादा त्याच्याकडून करून घेत होता. तिला ते इतक्या दिवसांत एकदाही जमलं नव्हतं.

आधी तिला राग आला. लहान मुलांना येतो तसा, माझं खेळणं का घेतलंस असा. मग त्या रागाचीच लाज वाटली. आणि मग, कारण ती शेवटी शिकवणारी बाई होती, तिला प्रश्न पडला की हा करतोय काय नेमकं? ती आत गेली.

दादाने ट्रम्पेट असा खाली ठेवला की जणू तापलेला होता. "कडी बघत होतो."

"कडी केसला असते, दादा. ट्रम्पेटला नसते."

"हात लागला. सहज."

"कसं केलंस ते?"

"काय?"

"मी इतके दिवस घाम गाळतेय आणि हा माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी पहिल्या फुंकरीला बोलला. काय केलंस तू?"

दादा कानस उचलून पुन्हा ठेवायला लागला. "काही केलं नाही मी."

"सांग ना."

"अगं, खरंच काही केलं नाही. मला करताच येत नाही काही." त्याने बोटाने वरचे दात हलवून दाखवले. "हे हलतात. दाबायची सोयच नाही. नुसता ओठांना टेकवायचा आणि श्वास सोडायचा. तू तर दाबतेस. लहानपणापासून दाबतेस. माझंच ऐकून तू तसं शिकलीस, कारण मीही दाबायचो."

मावशी स्टुलावर बसली. बाहेर बँकेतल्या बाईने हॉर्न वाजवला, चुकून बहुतेक.

"मला शिकव," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय कुलपाला सांगू?"

दादा हसला नाही. त्याने कडीची वाकलेली स्प्रिंग चिमट्यात धरून सरळ केली. "दुकान बंद केल्यावर ये," तो म्हणाला. "आणि माझं ऐकायचं. मधे तोंड घालायचं नाही."

मधे तोंड न घालणं हे मावशीच्या रक्तात नव्हतं. पहिल्या दिवशी दादाने तिला ट्रम्पेट तळहातावर नुसता तोलून धरायला लावला, बोटांनी आवळायचा नाही, म्हणजे दाबता येणारच नाही. आवाजच येईना. नुसती हवा. पहिल्या खुर्चीवर बसणारी बाई आणि तोंडातून सायकलच्या ट्यूबसारखा फुस्स आवाज. ती चिडली.

"हे काही खरं नाही."

"पुन्हा."

"दादा, मला मार्केटमध्ये वाजवायचंय, फुंकर मारायची नाहीये."

"गाडी शिकवतानाही तू शिकणाऱ्याचं असंच ऐकून घेतेस का?"

"माझ्यापाशी ब्रेक असतो."

"माझ्यापाशी काहीच नाही," दादा म्हणाला. "म्हणून तर तूच थांब."

ती थांबली. दुसऱ्या संध्याकाळी फुस्समधून एक बारीक सूर निघाला. पुढच्या आठवड्यात तो मोठा झाला. मग एक दिवस ती न दाबता वर चढली, एक पायरी, दुसरी, आणि आवाज घुसमटला नाही. उलट जसजसं वर जावं तसतसा तो मोकळा होत गेला. दादा दाराला टेकून उभा होता. त्याने मान हलवली आणि लगेच म्हणाला, "गाल फुगवतेयस अजून," कारण कौतुक करायची त्या घराण्यात पद्धत नव्हती.

ओठांवरचं लाल कडं गेलं. तिचं तिलाच नवल वाटलं. या वयात, इतकी वर्षं पहिल्या खुर्चीवर बसून, आपल्याला नव्याने शिकता येतं याचा तिला ट्रम्पेटपेक्षाही जास्त अभिमान वाटायला लागला, आणि भेटेल त्या शिकाऊ ड्रायव्हरला ती ते ऐकवायलाही लागली.

जुना ट्रम्पेट तिने एके दिवशी दादाच्या दुकानात आणून ठेवला.

"हा कशाला?"

"घरी जागा नाही. कपड्यांचे गठ्ठे आहेत."

"मी बँडमध्ये येणार नाही."

"कोण म्हणालं ये म्हणून? जागा नाही म्हणाले मी."

तो विषय एवढ्यावरच थांबला असता. पण एका तालमीला, खुर्च्या मांडून झाल्यावर, दादा जिमच्या दारात उभा दिसला. हातात केस. बँडमास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. दादा सरळ आत आला आणि ट्रम्पेटच्या तिसऱ्या खुर्चीवर बसला. तिच्यावर बरेच दिवस कुणी बसत नव्हतं.

"मास्तर," तो म्हणाला, "मला तिसरी चालेल. खालचे सूर. ते मला इथल्या कुणाहीपेक्षा चांगले येतात. मात्र मला वर ढकलायचं नाही, आणि माझ्यावर दया म्हणून दुसरी द्यायची नाही."

"तिसरीच," मास्तर म्हणाले. "खुर्च्या बदलल्या तेव्हा मी तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," दादा म्हणाला. "चला, सुरुवात करा."

मावशीने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. आता पाहिलं तर आपला पहिला सूर हुकेल, हे तिला कळत होतं.

मार्केट उघडलं त्या सकाळी काचेच्या छतातून ऊन सरळ खाली पडलं होतं. भाजीवाले, मासेवाले, फुलवाले आपापल्या नव्या ओट्यांमागे उभे होते आणि खाली माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. बँड फाटकापाशी. मावशी एकटी वर गॅलरीत. गर्दीतल्या तिच्या शिष्यांनी तिला ओळखलं आणि कुणीतरी खालून ओरडलं, "मावशी, ब्रेक नका मारू!" सगळे हसले. तीही हसली, आणि हसूनच तिचे ओठ सैल पडले.

तिने ट्रम्पेट उचलला. पहिला सूर फाटला. सगळ्यांना ऐकू आलं. तिने तो तसाच सोडून दिला, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं, घाई न करता. यावेळी आवाज निघाला आणि छताला जाऊन भिडला, तिथून खाली आला, ओट्यांवरून फिरला. ती चढत गेली. न दाबता, नुसती श्वासावर. सगळ्यात वरच्या सुरावर ती थांबली. जितका वेळ थांबायचं ठरलं होतं त्याहून जास्त थांबली, कारण थांबता येत होतं. खाली मास्तरांनी हात उचलून धरला होता तो तसाच राहिला. मग तिने सूर सोडला, आणि खालून, फाटकापासून, दादाचा खालचा सूर हळूच आला आणि बँड सुरू झाला.

नवरा गर्दीत होता. नंतर तो म्हणाला की त्याच्या अंगावरच्या कोटाची शिवण उसवेल असं वाटलं. शिंप्याकडून याहून मोठी पावती मिळत नसते.

त्यानंतरच्या तालमीला मास्तरांनी नवीन रचना वाटली. ट्रम्पेटवाल्यांना सुरुवातीला बराच वेळ काहीच वाजवायचं नव्हतं, आपली पाळी येईपर्यंत नुसत्या मात्रा मोजत बसायचं होतं. मावशी मोजत होती, पोस्टमन मोजत होता. बोटावर मोजणारा दादा चुकला आणि सगळ्यांच्या आधी एकटाच मधे घुसला.

"तुला मोजताही येत नाही आता?" मावशी कुजबुजली.

"बारा किल्ल्या एका कडीत न बघता मोजतो मी."

"मग चुकलास कसा?"

"मी चुकलो नाही," दादा म्हणाला. "तुम्ही सगळे उशिरा आलात."

मास्तरांनी काठी टेबलावर आपटली आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगितलं.